सोळा पानांची सक्ती: कोल्हापुरातल्या एका हॅम मंडळाच्या अंकाचं प्रकरण

कोल्हापुरात हौशी रेडिओवाल्यांचं एक छोटं मंडळ आहे. हौशी रेडिओ म्हणजे हॅम. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना काढायचा, स्वतःचं कॉलसाइन (हवेवरचं सांकेतिक नाव) घ्यायचं आणि बिनतारी संचावरून गावातल्या नाहीतर सातासमुद्रापारच्या दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचं, हा तो छंद. या मंडळाचा एक त्रैमासिक अंक निघायचा. डेमी १/८ आकार, सोळा पानं, मध्ये दोन पिना, मलपृष्ठावर 'फक्त सभासदांसाठी, खाजगी वितरण'. तो आधी सहामाही झाला, मग वार्षिक, मग पीडीएफ, आणि शेवटी कुणी काही जाहीर न करताच थांबला.

मंडळाचं नाव देत नाही. मंडळ अजून आहे आणि माणसं रोज तोंडासमोर येणारी आहेत. माझा छपाईचा धंदा आहे, त्यातले बरेच अंक आमच्याच मशीनवर छापले गेले. परवानाही आहे, त्यामुळे वाचकही होतो. छापणारा आणि वाचणारा अशा दोन्ही बाजूंनी हे प्रकरण पाहायला मिळालं.

वार्षिक सभेत अंक का बंद पडला असं विचारलं की उत्तर तयारच असतं: 'मोबाइल आले हो, आता कोण वाचतंय?' उत्तर सोयीचं आहे, कारण त्यात कुणालाच काही लागत नाही. पण जुने अंक तारखेवार मांडले की ते टिकत नाही. अंकाची तब्येत बिघडली ती व्हॉट्सॲप यायच्या कितीतरी आधी, आणि बिघडली ती मधल्या पानांत.

ब्लॉकच्या काळातला अंक

आपल्याकडच्या हॅम परवान्याचा कारभार चालतो तो १९७८ च्या नियमांवर. तेव्हा मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची लिपी, आल्याशिवाय शॉर्टवेव्हवर बोलायला मिळत नसे, आणि मोर्स आला तरी बोलायचं कशावरून हा प्रश्न उरायचा. परदेशी कारखान्यातला संच सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर. त्यामुळे संच स्वतः बनवायचा, हाच रस्ता. जुन्या टीव्हीतला ट्रान्सफॉर्मर, भंगारातलं व्हेरिएबल कंडेन्सर, पीव्हीसी पाइपवर गुंडाळलेली कॉइल. दिल्लीहून १९६९ पासून निघणारं 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' कुणीतरी घ्यायचं आणि त्यातलं सर्किट चार घरांत फिरायचं.

अंक याच गरजेतून जन्मला. संपादक तांत्रिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. सुरुवातीचे अंक खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर, जुळवलेले. मजकुराचं एक वेळ जमायचं, पण सर्किटची आकृती छापायची तर जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं आकृती काढायची, ब्लॉकमेकरकडे द्यायची आणि पैसे मोजायचे. एका मध्यम आकाराच्या ब्लॉकला जाणारे पैसे दोन-तीन पानांच्या जुळणीला पुरले असते. म्हणून मास्तरांचा नियम होता: सर्किट लेखकानं बनवलेलं असलं पाहिजे, आणि लेखक सोडून आणखी एकानं बनवून चालवलेलं असलं पाहिजे. मगच ब्लॉक.

खर्चाच्या धाकातून आलेला हा नियम अंकाचा कणा होता. एखाद्यानं ७ मेगाहर्ट्‌झचा ट्रान्समीटर लिहून पाठवला की मास्तर तो मंगळवार पेठेतल्या दुसऱ्या सभासदाकडे धाडत. तो बनवायचा, त्याच्याकडे संच शिट्ट्या मारायचा किंवा ट्रान्झिस्टर तापून मरायचा, मग दोघं बसून वाद घालायचे आणि तो वाद लेखाच्या शेवटी छापला जायचा. आज ते अंक चाळताना खरी मजा त्या शेवटच्या परिच्छेदांत आहे. अमुक नंबरचा ट्रान्झिस्टर आपल्याकडे मिळत नाही, त्याऐवजी तमुक वापरा, पण मग बायसचा रेझिस्टर बदला. कॉइलला इनॅमल तार घ्या ती मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून, किलोवर मिळते.

दुसरा ऐवज होता गावाचा. अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल, म्हणजे तारेचा अँटेना, ४० मीटरच्या लहरींवर टोकापासून टोकापर्यंत साधारण वीस मीटर होतो, हे कुठल्याही पुस्तकात आहे. पण शिवाजी पेठेतल्या चार मीटर रुंदीच्या घरावर वीस मीटर तार ताणायची कशी, शेजाऱ्याच्या पत्र्यावरून न्यायची तर त्याला काय सांगायचं, मध्ये बांबू उभा करून दोन्ही टोकं खाली उतरवली तर आवाज किती पडतो, हे पुस्तकात नाही. ते अंकात होतं. व्हीएचएफवर (जवळच्या पल्ल्याच्या, डोंगरानं अडणाऱ्या लहरींवर) पन्हाळ्याचा उपयोग का होतो (गड शहरापेक्षा सुमारे चारशे मीटर उंच आहे), तिथून शिरोळच्या सपाटीवर नृसिंहवाडीपर्यंत आवाज का जातो आणि गगनबावड्याच्या बाजूला डोंगराआड का मरतो, कुणाच्या गच्चीवरून जोतिबा दिसतो आणि कुणाच्या दिसत नाही, हे सगळं नावांनिशी. काही सभासदांना ते फार बारीकसारीक वाटायचं. 'हे काय छापायचं?' अशी कुरकुर एका वार्षिक सभेच्या इतिवृत्तात नोंदलेलीही आहे.

ऑफसेट आला, शिस्त गेली

पुढे खिळे गेले, ऑफसेट आलं. आकृतीला वेगळा ब्लॉक नको, मजकुराबरोबर तीही प्लेटवर जाते. पाठोपाठ डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आली. छापणारा म्हणून मला हा बदल आनंदाचाच होता. पण सर्किट छापायला जादा पैसे पडेनासे झाले, आणि दुसऱ्यानं बनवून पाहायचा नियम आपोआप सुटला. कुणी रद्द केला नाही, त्याची आठवण करून देणारं बिलच यायचं थांबलं. दरम्यान मास्तर थकले, संपादकपद दर दोन वर्षांनी फिरू लागलं.

इथे छपाईतली एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्या मते प्रकरणाची गाठ तिथेच आहे. डेमीचा एक ताव दोन्ही बाजूंनी छापून घडी घातली की १/८ आकाराची सोळा पानं होतात. याला एक फॉर्म म्हणतात. बारा पानं छापली तरी कागद, प्लेट आणि मशीनची तयारी जवळजवळ तेवढीच, वर कटिंगचा उपद्व्याप. म्हणून छापखानेवाला गिऱ्हाइकाला सांगतो, फॉर्म पुरा करा. आम्हीही तेच सांगायचो. ते धंद्याला धरूनच होतं, आजही मी कुणाला वेगळं सांगणार नाही. पण मजकूर दहा पानांचा असला की उरलेली सहा पानं कुठून आणायची हा प्रश्न संपादकाच्या डोक्यावर यायचा.

आणि मजकूर कमी होतच चालला होता, कारण संच बनवणं कमी होत होतं. १९९१ नंतर आयात हळूहळू सैल झाली. परदेशी असलेला मुलगा सुट्टीवर येताना जपानी संच घेऊन यायचा. पुढे चिनी हँडी (हातात मावणारे छोटे संच) इतक्या स्वस्त झाल्या की ती बनवत बसणं म्हणजे वेडेपणा. विकत घेतलेल्या संचाबद्दल लिहिणार काय? 'घेतला, छान आहे', फार तर अर्धं पान.

मग भरती सुरू झाली. एप्रिल जवळ आला की १८ तारखेच्या जागतिक हौशी रेडिओ दिनावर दोन पानं: १९२५ साली पॅरिसला आंतरराष्ट्रीय संघटना कशी स्थापन झाली वगैरे. नोव्हेंबरात जगदीशचंद्र बोस, डिसेंबरात मार्कोनी. दिल्लीच्या डब्ल्यूपीसीचं, म्हणजे परवाने देणाऱ्या सरकारी विभागाचं, परिपत्रक जसंच्या तसं. सूर्यावरच्या डागांचा लेख इंटरनेटवरून उतरवून मराठी केलेला. सभासदांचे वाढदिवस, मुलांचे दहावीचे गुण, विनोद. बोसांवर कोणी लिहू नये असं नाही, पण तेच चरित्र चौथ्यांदा छापताना निदान संपादकाला तरी लाज वाटायला हवी होती. कुठल्या गच्चीवरून कुठवर आवाज जातो हा नकाशा मात्र याच सुमारास गेला, कारण तो अद्ययावत करायचा म्हणजे रविवारी हँडी घेऊन हिंडायला लागतं. भरतीला एक संध्याकाळ पुरते.

सोळाही पानं अशी झाली की त्यातली बारा कुठेही मिळणारी होती. इंटरनेटनं अंक मारला नाही. जे इंटरनेटवर आधीच फुकट पडलं होतं, तेच आपण पैसे घालून छापू लागलो.

याच काळातलं एक उदाहरण सभेत नेहमी दिलं जातं, पण उलट बाजूनं. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ मध्ये बिट्एक्स हा संच इंटरनेटवर मांडला. सहज मिळणारे ट्रान्झिस्टर, घरी करता येईल असं काम, आणि परदेशी टोरॉइड (कॉइल गुंडाळायचं कडं) नसला तर कॉइलसाठी चक्क नळाचे वायसर. तो जगभर बनवला गेला. २०१६-१७ च्या सुमारास त्याच वंशातले बिट्एक्स-४० आणि मायक्रोबिट्एक्स हे संच जोडलेल्या बोर्डासह मिळू लागले. 'बघा, छापील अंकाशिवाय झालंच की', असं म्हणतात. झालंच. पण आमच्याकडे ज्यांनी ज्यांनी तो बनवला, त्यांना कुठल्या ना कुठल्या जागी अडलं. एकाला क्रिस्टल जुळेनात, एकाला दुकानात वायसर जाड मिळाले आणि गुंडाळ्यांचा हिशेब चुकला, एकाच्या संचात शेजारच्या इन्व्हर्टरचा खरखराट भरला. प्रत्येकानं आपापली अडचण आपापल्या घरी सोडवली. जुन्या अंकात हे चार पानं झालं असतं. त्याच तिमाहीचा अंक मी काढून पाहिला: आतल्या पानांवर मार्कोनी होता.

अमेरिकेचं मासिक आणि तिथला हिशेब

मंडळात एक सभासद अमेरिकन रेडिओ रिले लीग या तिथल्या हॅमच्या संघटनेचा सभासद होता. त्याच्याकडे लीगचं मासिक 'क्यूएसटी' यायचं, मग ते शाहूपुरीतून राजारामपुरीत, तिथून पुढे असं हातोहात फिरून पार खिळखिळं होऊन परतायचं. मासिक साधंसुधं नाही. लीगची स्थापना १९१४ ची, हायरम पर्सी मॅक्झिम आणि क्लॅरेन्स टस्का यांनी कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला केलेली. मासिकाचा पहिला अंक डिसेंबर १९१५ चा. पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं हौशी केंद्रं बंद केली तेव्हा मासिकही थांबलं. १९१९ मध्ये लीगनं ते टस्काकडून विकत घेतलं आणि तेव्हापासून ते सभासदत्वाला बांधलेलं राहिलं. वर्गणी भरली की अंक घरी यायचा. कित्येक सभासदांच्या लेखी लीग म्हणजे दर महिन्याला येणारं ते मासिकच.

या बांधणीत एक मोठं गणित होतं. सभासद तेवढे वाचक, त्यामुळे जाहिरातदाराला खपाची खात्री. संच, अँटेना, टॉवर विकणाऱ्या कंपन्यांना इतके नेमके गिऱ्हाईक एका जागी दुसरीकडे मिळत नसत. जाहिरातींच्या जोरावर पानं वाढत, पानांच्या जोरावर लेखांना जागा मिळे. बाजारात एकट्यानं उभी राहिलेली मासिकं मात्र एकेक करून गेली. 'हॅम रेडिओ' १९६८ ला निघून १९९० ला बंद झालं. वेन ग्रीन यांचं '७३' १९६० पासून २००३ पर्यंत चाललं. या ग्रीनसाहेबांनीच १९७५ मध्ये 'बाइट' हे संगणकांचं मासिक सुरू केलं होतं, म्हणजे सोल्डरिंग करणारी पोरं कुठे निघालीत ते त्यांना आधीच दिसलं असावं. १९४५ पासूनचं 'सीक्यू' २०२३ मध्ये थांबलं.

आणि त्याच २०२३ च्या जुलैत लीगनं निर्णय घेतला: १ जानेवारी २०२४ पासून वार्षिक वर्गणी ४९ डॉलरवरून ५९ डॉलर, तीत मासिक फक्त पडद्यावर. कागदावर हवं तर वर्षाला २५ डॉलर जादा. कारण कागद, छपाई आणि टपाल यांचे वाढलेले दर. अमेरिकेच्या टपालाचे दर मला ठाऊक नाहीत असं नाही, क्यूएसएल कार्डं (बोलणं झाल्याची पोच देणारी कार्डं) पाठवणाऱ्या कुणालाही ते ठाऊक असतात. खर्चाचं कारण खोटं नव्हतं. पण शंभरेक वर्षं सभासदत्व आणि अंक एकच होते, ते वेगळे करून अंकाला स्वतंत्र किंमत लावली की सभासद पहिल्यांदाच दोन प्रश्न विचारतो: अंक पंचवीस डॉलरचा आहे का? आणि उरलेले एकोणसाठ कशाचे?

आमच्या शाहूपुरीच्या सभासदानं छापील अंक सोडला. पडद्यावर येतं ते हातोहात फिरत नाही. त्याच्या टॅबवर ते एकटं पडून असतं.

इथे केलेला तोच प्रयोग

कोल्हापुरातल्या मंडळानं हेच पाऊल अमेरिकेच्या आधी टाकलं होतं, अर्थात कुणाचं पाहून नव्हे. टपाल जड होत होतं. नोंदणीकृत नियतकालिकाला टपालात मोठी सवलत असते, पण त्यासाठी शीर्षक मंजूर करून घ्या, जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे घोषणापत्र द्या, ठरल्या तारखेला अंक टाका, हे सगळं आलं. नियतकालिकांच्या नोंदणीच्या १८६७ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा लागू झाला तो मार्च २०२४ मध्ये, तोवर आमचा अंकच उरला नव्हता. 'खाजगी वितरण' लिहून बुक पोस्टानं पाठवणं हाच मार्ग होता. मग समितीनं ठरवलं: वर्गणी तीच, अंक ईमेलनं. छापील हवा त्यांनी जादा भरावे.

खजिनदारांनी हिशेब मांडला तो असा: निम्म्या लोकांनी कागद सोडला तर छपाईचा खर्च निम्मा. हा हिशेब छापखान्यात कुणीही हसण्यावारी नेला असता. प्लेट, तयारी, पहिले वाया जाणारे ताव, हे सगळं शंभर प्रतींना तेवढंच आणि चाळीसला तेवढंच. कमी होतो तो फक्त कागद आणि टपाल. प्रती निम्म्या केल्या तर एका प्रतीची किंमत दुप्पट होत नाही, पण त्या दिशेनं चांगलीच सरकते. वाढलेला दर सांगितल्यावर जादा भरणाऱ्यांतले आणखी काही गळले. दर पुन्हा वाढला. मी तेव्हा सुचवलं होतं की ऑफसेट सोडा, डिजिटल प्रिंट घ्या, तिथे प्लेटच नाही. त्यावर समितीतल्या एकानं विचारलं, 'मग ते झेरॉक्स काढल्यासारखं दिसणार नाही का?' दिसलं असतं. पण परवडलं असतं.

जाहिराती याच वेळी सुटल्या. बॅटरीवाला, टॉवरचं फॅब्रिकेशन करणारा उद्यमनगरातला कारखानदार, एक टीव्ही दुरुस्तीवाला, असे तीन-चार जण वर्षानुवर्षं देत होते. ते काही खपासाठी देत नव्हते, संबंधाखातर देत होते. पण संबंधाखातर देणाऱ्यालाही अंक दुकानात काउंटरवर दिसायला हवा असतो. 'पीडीएफमध्ये टाकलीय, काका', असं सांगितल्यावर काकांनी पुढच्या वर्षी विषय काढला नाही, आणि आपल्यालाही काढवला नाही.

पीडीएफ कशानं पडली हे थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवं काही नाही. पानांची सक्ती गेली होती, तीन पानांचाही अंक काढता आला असता. पण सवय सोळाचीच. पानं भरेनात म्हणून अंक लांबायचा, लांबला म्हणून आलेला मजकूर शिळा व्हायचा, शिळा म्हणून पुढच्या वेळी कुणी देईना. शिवाय ईमेलनं आलेला अंक उघडला की नाही हे कुणालाच कळत नाही. छापील अंकाचं निदान पाकीट फोडावं लागायचं.

आणखी एक कारण मंडळात सहसा बोललं जात नाही. २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी८ ही पद्धत आणली. टेलर म्हणजे १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले. पंधरा-पंधरा सेकंदांचे फेरे, संगणकच संगणकाशी कॉलसाइन आणि सिग्नलची पातळी बदलतो, कानाला ऐकू न येणाऱ्या सिग्नलवरही देश जोडला जातो. गच्चीवर जागा नसलेल्यांना हे वरदान आहे आणि मीही वापरतो. पण रात्रभरात जपान, ब्राझील, फिनलंड मिळाले तरी सकाळी सांगण्यासारखं त्यात काय असतं? लेखक आटण्याचं हेही एक कारण आहे.

पुराची पानं

अंक नसल्याचा तोटा नेमका किती, हे २०१९ च्या ऑगस्टमध्ये समजलं. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोका पातळी ४३. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद, शहराचं जवळजवळ बेट. २०२१ च्या जुलैत पाणी त्याहूनही थोडं वर चढलं आणि महामार्ग पुन्हा तुटला.

२००५ च्या पुरानंतरच्या अंकात सात-आठ पानं त्या दिवसांची होती. त्यात मोठेपणा नव्हता, वीज गेल्यावर कोण कोणाला ऐकू शकला एवढंच होतं. कुणाच्या गच्चीवरून उत्तरेश्वरची बाजू मिळाली, कुणाची हँडी दोन गल्ल्यांपलीकडे पोचेना, कुणी पन्हाळ्याच्या बाजूला राहणाऱ्या सभासदामार्फत निरोप फिरवला. बॅटरीचा हिशेबही होता: सात अँपिअर-तासांची बॅटरी, नुसतं ऐकताना अर्धा अँपिअर घेणारा संच, म्हणजे कागदावर चौदा तास. प्रत्यक्षात बोलणं धरून रात्र निघत नाही. म्हणून तासातली पहिली पाच मिनिटंच संच चालू ठेवायचा, सगळ्यांनी एकाच वेळी. हा नियम त्या अंकात जाड ठशात होता.

२०१९ मध्ये तो नियम माहीत असलेले तिघे-चौघेच उरले होते. बाकीच्यांनी आपापल्या सोयीनं संच चालू-बंद केले आणि पहिल्या रात्री एकमेकांना हुकले. दुसऱ्या दिवशी वेळा ठरल्या. पाणी ओसरल्यावर कोण कुठून ऐकू आला, कुठे अडलं, याची भरपूर चर्चा झाली, पण ती सगळी व्हॉट्सॲपवर, सुप्रभातच्या फुलांमधून वाट काढत. लिहायला कुणालाच सांगितलं गेलं नाही, कारण लिहून द्यायचं कुठे? दोन वर्षांनी पाणी पुन्हा चढलं तेव्हा निम्म्यांचे फोन बदललेले होते. शोधाशोध केली ती शेवटी २००५ च्या अंकाची. एकाच्या क्यूएसएल कार्डांच्या खोक्यात तो सापडला, त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला गेला. त्यातल्या काही माणसांच्या घरांवर आता चार मजले चढले होते, काही माणसं राहिली नव्हती. तरी डोंगर होते तिथेच होते आणि पाच मिनिटांचा नियमही लागू पडला.

अमेरिकेच्या मासिकात आजही एक गोष्ट अशी आहे जी फुकट मिळत नाही: लीगची प्रयोगशाळा बाजारातले संच स्वतः मोजून त्यांचे आकडे छापते. विकणाऱ्याच्या पत्रकातले आकडे आणि मोजलेले आकडे शेजारी ठेवून वाचता येतात. संच घेणारा त्यासाठी तरी अंक उघडतो. आमच्या मंडळाकडे प्रयोगशाळा नव्हती. गच्च्या होत्या, पण त्यांची पानं आम्हीच बोसांच्या चरित्राला दिली.

सध्या

२०२१ नंतर काही तरुण सभासदांनी विषय परत काढला. त्यातले बहुतेक रिस्ट्रिक्टेड ग्रेडचे. त्या परवान्याला मोर्स लागत नाही, त्यामुळे कॉलेजच्या वयात परवाना मिळालेली पोरं मंडळात दिसू लागली आहेत. एकीनं सरळ विचारलं, 'सर, त्रैमासिक कशाला? पावसाळ्याआधी एक कागद काढूया.'

आता मे महिन्यात एक ए३ ताव निघतो, दोन्ही बाजूंनी, डिजिटल प्रिंट, घडी घालून. एका बाजूला शहराचा आणि शिरोळ-हातकणंगलेचा ढोबळ नकाशा, त्यावर कोण कुठून कुठे ऐकू येतो ते. दुसऱ्या बाजूला वर्षभरात कुणी काही बनवलं असेल ते. दुसऱ्यानं बनवून पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही हा मास्तरांचा नियम परत आला आहे, आणि त्यामुळे पहिल्या वर्षी ती बाजू अर्धी कोरी गेली. कोरीच छापली. वर्गणीत धरलेला असल्यानं हवा-नको असं कुणाला विचारलं जात नाही, सगळ्यांना मिळतो, बहुतेकांना हातोहात. सभासद यामुळे वाढले असं म्हणता येणार नाही. अंकाची वाट पाहणारे जुने लोक याला अंक म्हणायला तयार नाहीत, 'पत्रक' म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

लिहिणारे अजून बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. नकाशासाठी रविवारी हिंडणारे त्याहून थोडे जास्त, कारण शेवटी मिसळ असते.

या वर्षी एका सभासदानं बॅटरीच्या दुकानदाराची पानभर जाहिरात आणली आणि त्या भरात पुन्हा सोळा पानांचा विषय निघाला. फॉर्म पुरा केला तर दर काय पडेल, असं मला विचारलं गेलं. आधी मजकूर किती आलाय ते मोजायला सांगितलं. साडेतीन पानं भरली. जाहिरात चौथाई पानात बसवायला दुकानदार राजी झाला, उरलेल्या जागेत कुरुंदवाडच्या बाजूचा नकाशा मोठा केला आणि तिथल्या दोन नव्या गच्च्या त्यात घेतल्या.